नामपूरहून नागपूर किती लांब?

नामपूरला एका तिकीट-बुकिंगच्या दुकानात बसलो होतो. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. डाळिंबाचे एक जुने बागायतदार आत आले. नागपूरला जायचं होतं. दुकानदाराने पडद्यावर पाहून विमानाची वेळ सांगितली, तर ते म्हणाले, "इमान कितला वाजता उडस ते ऱ्हाऊ दे. मी घरथीन कितला वाजता निंघू, ते सांग."

तिकीट विकणाऱ्या आपल्यासारख्यांना ग्राहकाने विचारावा असा हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपण तयार ठेवत नाही.

नाशिकजवळचा ओझर विमानतळ ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ५४५ किलोमीटर. एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे कागदावर तास-सव्वा तास. उडान योजनेतही सुरुवातीला अडीच हजारांच्या भाड्याची मर्यादा घातली ती साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या उड्डाणासाठी. तेव्हापासून "पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास" हे गणित आपल्या तोंडी बसलं. पण वेळापत्रकात छापलेली वेळ ब्लॉक टाइम असते: विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे उभं राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंतचं सरकणं, चढण, उतरण, उतरण्यासाठी लावलेला नंबर, सगळं त्यात येतं. त्यात वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा. तो ताशी ५० किलोमीटर धरला तर याच अंतराला जाताना तासभर लागतो आणि येताना एक तास तेरा मिनिटं. म्हणून जाण्या-येण्याच्या वेळा सारख्या नसतात, आणि ग्राहकाला वाटतं छपाईची चूक आहे. हा फरक समजावून सांगणं आपलं काम आहे.

आता नामपूरचा हिशेब. मालेगाववरून आग्रा रोडने ओझर शंभराहून जास्त किलोमीटर. राहुड घाटात एखादा कंटेनर बंद पडला तर अडीच तासांचे साडेतीन होतात. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचायला हवं. विमानाचा दीड तासाचा प्रवास, पलीकडे सामान आणि शहर गाठायला तासभर. घर ते मुक्काम साडेसहा-सात तास. मनमाडला रात्री गाडीत बसलं तर सकाळी नागपूर, तेही झोपून. गाडीभाडं आणि एका दिवसाची मजुरी मोजणाऱ्याला ही तुलना हवी असते.

मार्च २०२३ मध्ये इंडिगोने ओझरहून गोवा, अहमदाबाद आणि नागपूर अशी उड्डाणं सुरू केली, तेव्हा आपण सगळ्यांनी मिनिटांच्या जाहिराती केल्या. आनंद खराच होता. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं विमान जळगावला आलं तेव्हाही तो होता. पण सटाणा, कळवण, नामपूरच्या माणसाचा विमानतळ ओझरला नाही, त्याच्या अंगणात सुरू होतो. म्हणून आमची विनंती: तिकिटाच्या प्रिंटवर, विमानाच्या वेळेच्या वर, पेनाने "घरून निघायची वेळ" लिहा. गावागणिक ती वेगळी असेल, कांद्याच्या हंगामात आणखी अर्धा तास वाढवा, आणि परतीच्या विमानानंतर गावाला शेवटची एस.टी. मिळते का, तेही विचारून ठेवा.

त्या दुकानदाराने हा हिशेब मांडला. बागायतदारांनी तो शांतपणे ऐकला, जाताना मनमाडची गाडी घेतली आणि येताना विमान. "तठे काम आटोपी जाई तं संध्याकाळले घर," एवढंच म्हणाले, आणि पैसे मोजू लागले.