घरचा जमाखर्च

वाचकहो, वर्षाचा घरगुती जमाखर्च याच पानावर मांडायचा आपला शिरस्ता. यंदा दोन्ही बाजू जड आहेत.

2025 च्या माघात सासूबाई गेल्या. नातीचे लग्न लांबवू नका, असे त्यांनीच बजावले होते. म्हणून वैशाखात धाकटीला उजवली. आता तिचा दिवाळसण! पण घरातले माणूस गेले की त्या वर्षी कढई चढत नाही; फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा. थोरल्या वन्सं म्हणाल्या, "वर्षश्राद्ध होईतो तळण नको." आई गेलेली त्यांची, त्यांच्यावर रागवायचे तरी कसे? 'हे' नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राआड. जावई समजूतदार, "पुढल्या वर्षी करू" म्हणाले. लेक मात्र काहीच बोलली नाही.

डबे घासायला काढले, तर भाजणीच्या डब्यात सासूबाईंच्या हातची चिठ्ठी सापडली : तांदूळ 4 वाट्या, हरभऱ्याची डाळ 2, मूग 1, उडीद 1; धने-जिरे अंदाजाने. खाली, "धाकटीसाठी तिखट बेताचे."

वन्संनी ती दोनदा वाचली. मग पदर खोचून डाळ निवडायला बसल्या.

"आकाशकंदील मात्र लावायचा नाही हं, वहिनी," एवढे म्हणाल्या.