जंतूंचे गोत्र आणि दुधाचा दोष

2007 साली इंग्लंडमध्ये एका गोठ्यातल्या दुधाच्या टाकीतून घेतलेल्या नमुन्याने केंब्रिजच्या संशोधकांना कोड्यात टाकले. गाईंच्या कासदाहाचा, आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत दगडीचा, अभ्यास चालू होता. नमुन्यातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नव्हता, पण अशा जंतूंत हमखास मिळणारे ‘मेक-ए’ जनुक चाचणीत दिसेना. जनुकसंच वाचल्यावर तेच काम करणारे, पण क्रमात जेमतेम 70 टक्के जुळणारे जनुक हाती लागले. आज त्याला ‘मेक-सी’ म्हणतात. 2011 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या माणसांच्या नमुन्यांतही ते सापडलेले होते.

मग माणसाला ते गाईने दिले का? अनेकांनी तसे धरून चालायला सुरुवात केली. इथे थोडे थांबायला हवे.

जंतूंचे नाते ओळखण्यासाठी त्यांची वर्गवारी करण्याची एक रूढ पद्धत 1998 मध्ये मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी मांडली. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बाबतीत सात ठरावीक जनुकांचे तुकडे वाचायचे, प्रत्येकाच्या रूपाला क्रमांक द्यायचा. सातही क्रमांक जुळले की प्रकार एक. एखाददुसरा वेगळा असला तरी कुळी एक. लंडनचा नमुना कोपनहेगनच्या नमुन्याशी ताडून पाहता येतो, हे या पद्धतीचे मोठेच उपकार. पण या जंतूचा जनुकसंच सुमारे 28 लाख अक्षरांचा आणि सात तुकडे मिळून होतात जेमतेम 3,200 अक्षरे. एवढ्यावरून गोत्र कळते. गोत्र एक असले म्हणून दोघे सख्खे भाऊ ठरत नाहीत, आणि बाप कोण हे तर मुळीच कळत नाही.

पूर्ण जनुकसंच वाचला की चित्र बरेच स्पष्ट होते. डेन्मार्कमध्ये मेक-सी जंतूचा संसर्ग झालेल्या दोन माणसांचे नमुने त्यांच्याच शेतावरच्या जनावरांशी ताडले गेले. 2013 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार प्रत्येक शेताचा जंतू वेगळा होता आणि एकाच शेतावरच्या माणसाच्या आणि जनावराच्या जंतूंत मोजक्याच अक्षरांचा फरक होता. हा पुरावा भक्कम आहे, नाकारण्यात अर्थ नाही. जनावरात आणि माणसात हा जंतू ये-जा करतो. पण त्यासाठी दूध प्यावे लागत नाही. धार काढणाऱ्याच्या हाताला चीर असली तरी पुरते. म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या गोठेवाल्यालाच धोका सर्वांत जास्त.

2022 मध्ये आणखी एक गाठ सुटली. हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या अंगावरची बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य बनवते आणि तिच्या सान्निध्यात मेक-सीचे वंश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, म्हणजे माणसाला प्रतिजैविके ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून, वाढत आले होते. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या हेजहॉगमध्ये मेक-सी जंतू मोठ्या प्रमाणावर आहे. नमुने फक्त गाईचे आणि माणसाचे तपासले, तर दोष या दोघांतच वाटला जाणार.

म्हणून कच्च्या दुधावर निर्बंध हवेत का, या प्रश्नात आमचे मत असे: हवेत, पण मेक-सीच्या नावावर नकोत. कच्च्या दुधातून पसरणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि ई-कोलाय ओ-157 हे जंतू त्यासाठी पुरेसे कारण आहेत. स्कॉटलंडमध्ये कच्च्या दुधाची विक्री 1983 पासून बंद आहे; शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकरी ते थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. आवडीच्या हक्काचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही, मात्र त्या घोटाची किंमत घरातले लहान मूल मोजते.

आपल्याकडे दूध उकळूनच पितात, त्यामुळे स्टॅफिलोकॉकसही मरतो. पण कोमट दुधात तो वाढून बसला असेल तर त्याने सोडलेले विष उकळीलाही पुरून उरते. म्हणून धार काढल्यावर दूध लवकर थंड होणे महत्त्वाचे. आणि गोठ्यात दगडी झालेली गाय असेल, तर तिची धार सर्वांत शेवटी काढा, दूध वेगळ्या भांड्यात घ्या, ते डेअरीला घालू नका आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.