बुडालेल्या राज्याचा चाकर

राज्य बुडाल्यावर त्या राज्याच्या चाकराने काय करावे, हा प्रश्न आपल्या बडोद्यात एके काळी घरोघर विचारला गेला. तोच प्रश्न एका फ्रेंच चित्रकथेत, आणि तीही विज्ञानकथांच्या नादी लागलेल्या पोरांसाठी काढलेल्या, इतक्या सरळपणे मांडलेला असेल असे कोणास वाटेल? 'व्हॅलेरियन' हे त्या चित्रकथेचे नाव. २०१७ साली ल्युक बेसाँ याने तिच्यावर मोठा खर्चिक चित्रपट काढला, तो काही वाचकांनी पाहिलाही असेल. त्या चित्रपटात रंग पुष्कळ आहेत. मी ज्याविषयी लिहीत आहे ते मात्र त्यात नाही. त्यासाठी पुस्तकेच उघडली पाहिजेत.

फ्रान्समध्ये 'पिलोत' नावाचे मुलांचे साप्ताहिक १९५९ साली सुरू झाले. सर्वांच्या ओळखीचा अ‍ॅस्टेरिक्स त्यातलाच. त्याच साप्ताहिकात ९ नोव्हेंबर १९६७ च्या अंकापासून व्हॅलेरियन येऊ लागला. कथा पिएर क्रिस्तँ यांची, चित्रे झाँ-क्लोद मेझिएर यांची, आणि रंग भरणारी एव्हलीन त्रांले ही मेझिएर यांचीच बहीण. क्रिस्तँ आणि मेझिएर यांची ओळख लहानपणची, महायुद्धात बाँबच्या भीतीने लोक तळघरांत जाऊन बसत तिथली. पुढे एक अमेरिकेत प्राध्यापकी करू लागला, दुसरा त्याच देशात गुरे राखायला गेला, आणि तिथे पुन्हा एकत्र येऊन दोघांनी चित्रकथा करायला घेतल्या. मेझिएर २०२२ साली वारले, क्रिस्तँ २०२४ साली. ज्याने लहानपणी तळघरात बसून वरचे आवाज ऐकले, त्याच्या गोष्टींतली शहरे इतक्या सहज का बुडतात, हे वेगळे सांगायला नको.

कथेची बैठक अशी. अठ्ठाविसाव्या शतकात पृथ्वीवर गॅलॅक्सिटी नावाची राजधानी आहे. लोकांना काम उरलेले नाही. यंत्राने पुरवलेली स्वप्ने बघत ते पडून असतात. जी थोडी माणसे जागी आहेत त्यांत काळाची गस्त घालणारे खाते आहे, आणि व्हॅलेरियन हा त्या खात्याचा शिपाई. मागच्या काळात जाऊन कोणी इतिहासात ढवळाढवळ केली, तर त्यास पकडून आणायचे, हे त्याचे काम. पहिल्याच प्रकरणात एका बंडखोर अधिकाऱ्याचा पाठलाग करीत तो फ्रान्समधल्या अकराव्या शतकातल्या रानात जाऊन पोहोचतो आणि अडकतो. त्याला सोडवते ती तिथली एक मुलगी, लॉरलीन. तिला काळप्रवासाचे गुपित कळल्यामुळे तिला मागे ठेवता येत नाही. तो तिला आपल्या शतकात घेऊन येतो. लेखकांनी तिला पहिल्या गोष्टीपुरतीच आणली होती, पण वाचकांना ती नायकापेक्षा जास्त आवडली आणि राहिली. बरोबरच झाले. हा नायक सुरुवातीला फार हुकमाचा ताबेदार आहे. अक्कल सगळी तिच्याकडे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुसरी कथा १९६८ साली सुरू झाली आणि १९७० साली पुस्तकरूपाने निघाली. तीत व्हॅलेरियन १९८६ सालच्या न्यूयॉर्कला जातो. उत्तर ध्रुवाजवळ साठवलेल्या हायड्रोजन बाँबचा स्फोट होऊन बर्फ वितळले आहे, समुद्र वर चढला आहे, आणि गगनचुंबी इमारतींच्या मधून पाणी खेळते आहे. सन रे नावाचा लुटारूंचा म्होरक्या त्या पाण्यात राज्य करतो; तो बासरी वाजवतो, आणि त्याचे नाव सन रा या जॅझ वादकावरून घेतलेले आहे. (आमच्या पेशातल्या माणसाला दरोडेखोर केल्याबद्दल माझी तक्रार नाही. बुडत्या शहरात निदान एकाचा रियाज तरी चालू आहे.) ही चित्रे मुलांनी अवश्य पाहावीत. पाणी काढणे किती कठीण, हे ज्याने कधी ब्रश हातात घेतला त्यास ठाऊक आहे.

या प्रलयातूनच, पुष्कळ अंधारयुगानंतर, गॅलॅक्सिटी उभी राहिली असे ठरलेले होते. म्हणजे तिच्या वैभवाचा पाया १९८६ च्या मढ्यांवर. त्या वेळी हे सोयीचे होते. १९६८ सालच्या मुलाला १९८६ म्हणजे फार लांबचे. पण ताल एकदा लावला की सम यायचीच. येथे तर एका वर्षाची एक मात्रा धरली तर लक्ष्मीतालाच्या बरोबर अठरा मात्रा झाल्या. चित्रकथा चालली, गाजली, मुलांचे बाप झाले, आणि कॅलेंडरावर १९८५ आले. उत्तर ध्रुवावर स्फोट होण्याचे चिन्ह नाही. आता काय करावे?

पुष्कळ चित्रकथाकार अशा वेळी गप्प बसतात. नायकाचे वय जसे वाढत नाही तसे साल पुढे ढकलतात. कोणी विचारीत नाही. क्रिस्तँ यांनी तसे केले नाही. १९८४ आणि १९८५ सालच्या दोन भागांत त्यांनी तो प्रलय टाळला. तो टाळण्यासाठी स्कॉटलंडमधला एक किल्ला, हिप्सिस नावाचा ग्रह आणि त्यावर राहणारे भांडखोर देव, एवढा फौजफाटा गोळा केला, आणि स्पष्ट सांगायचे तर ही जुळणी ओढूनताणून आणलेली वाटते. तुकडा लांबवून लांबवून कसाबसा समेवर आणावा, तसे. पण ते समेवर आले हे मान्य केले पाहिजे. प्रलय झाला नाही, म्हणून अंधारयुग आले नाही, म्हणून गॅलॅक्सिटी कधी झालीच नाही. व्हॅलेरियनचे शहर, त्याचे खाते, त्याचा हुद्दा, सगळे पुसले गेले. कोणी शत्रूने लुटले नाही की जाळले नाही. जगाचे भले झाले, आणि त्या भल्यात त्याचे राज्य गेले.

(त्याच १९८६ साली २६ एप्रिलला चेर्नोबिल झाले. कोणी यास भविष्यवाणी म्हणू नये. पण ज्यांनी ते साल निवडले त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती.)

मराठीत 'असे झाले असते तर' हा खेळ डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत फार सुंदर खेळला आहे. पानपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून जाते, आणि मराठे जिंकलेल्या जगात इतिहासाचे एक प्राध्यापक जाऊन पोहोचतात. पण गंगाधरपंत परत येतात. आपण सारे वाचक त्यांच्याबरोबर परत येतो आणि हळहळतो. व्हॅलेरियनला परत यायला जागाच राहिलेली नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, आणि तो का वाटतो हे सांगायचे तर घरचे थोडे सांगावे लागेल.

माझे वडील १९४७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कलावंत कारखान्यात तबलजी म्हणून लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे दरबारची नोकरी त्यांना पुरती दोन वर्षेच मिळाली. आणि मी त्यांच्या पन्नाशीत झालेला मुलगा असल्यामुळे मला तर ती केवळ ऐकीव. वडिलांनी त्याविषयी कधी रडगाणे गायिले नाही, पण दरबारी पगडी ट्रंकेत जपून ठेवली होती आणि दसऱ्याला ती ऊन दाखवण्यासाठी बाहेर काढीत. बाकीचे दिवस शिकवण्या करीत. माझी आई दरबार पाहिलेली नव्हती. तिला त्या पगडीचे कौतुक नव्हते आणि सुतकही नव्हते. महिन्याचे वाणसामान किती आणि शिकवण्या किती, हा तिचा हिशेब. लॉरलीन मला कळली ती आईमुळे. गॅलॅक्सिटी गेल्यावर व्हॅलेरियन उदास होऊन बसतो, तिला मात्र तसे काही होत नाही. ती त्या शहराची कधी नव्हतीच. रानातून आली, तिथे राहिली, आता दुसरीकडे राहील. तिच्या या कोरडेपणाचा त्याला राग येत नाही, उलट त्याच्या आधारानेच तो उठतो.

१९८८ साली निघालेला 'सीमांवर' हा भाग मात्र आपल्यासारख्या जुन्या घरांतल्या मोठ्या माणसांनीही वाचावा. गॅलॅक्सिटीचा जाल नावाचा आणखी एक शिपाई मागे उरलेला आहे. तो दुष्ट नाही. त्याला आपले शहर परत पाहिजे आहे, इतकेच. आणि शहर परत यायचे तर प्रलय परत झाला पाहिजे, म्हणून तो विसाव्या शतकात हिंडून अण्वस्त्रांचे अपघात घडवून आणण्याच्या खटपटीत आहे. ज्या निष्ठेचे आपण एरवी गोडवे गातो, तीच त्याच्या अंगी आहे. त्याला अडवायला जातो तो त्याचाच जुना सहकारी, आणि त्यालाही ते शहर तितकेच प्रिय होते.

आपल्या बैठकींतून 'गायकवाडीत असे नव्हते' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पुष्कळदा ते खरेही असते. १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे राज्य होते ते. ज्या गायनशाळेच्या पुण्याईवर माझ्यासारख्यांचे पोट चालते ती मौलाबक्षांनी १८८६ साली काढली ती त्याच राज्यात. मी त्याचा ऋणी आहे. पण सयाजीराव महाराजांनी ज्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले ते डॉ. आंबेडकर १९१७ साली याच राज्याच्या नोकरीवर याच शहरात आले, आणि त्यांना येथे डोके टेकायला जागा मिळाली नाही. ज्यांना ते राज्य जसेच्या तसे परत पाहिजे, त्यांना हेही परत घ्यावे लागेल. निवडून निवडून काळ परत आणता येत नाही; जालची सगळी अडचण ती हीच.

चित्रांच्या पुस्तकाने मुले बिघडतात, असे म्हणणारे अजून आहेत. याच गावात मुलांना जगाचे ज्ञान व्हावे म्हणून 'सयाजी बालज्ञानमाला' निघत होती, याची त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते. व्हॅलेरियनचे इंग्रजी भाषांतर आता क्रमवार मिळते. मराठीत कोणी केले तर फार बरे होईल. मुलांना सगळे भाग एकदम देऊ नयेत. आधी पाण्यातल्या न्यूयॉर्कचा द्यावा. मग १९७२ सालचा आल्फ्लोलोलचा: त्यात एक दीर्घायुषी जमात चार हजार वर्षांच्या सहलीवरून घरी परतते, तो आपल्या ग्रहावर पृथ्वीवाल्यांनी कारखाने घातलेले. इन्व्हरलॉक आणि हिप्सिसचे भाग त्यानंतर, आणि 'सीमांवर' सर्वांत शेवटी.

माझ्याकडे तबला शिकणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाने हे सगळे याच क्रमाने वाचले. मी त्याला काळप्रवासातला तर्क कितपत समजला ते विचारणार होतो. त्याच्या आधी त्यानेच विचारले, "सर, गॅलॅक्सिटी गेली, मग त्या दोघांना पगार कोण देतो?" मी म्हटले, कोणी नाही, पुढच्या भागांत ती दोघे मिळेल ते काम करतात आणि पैशांची तंगी कायमचीच असते. त्याला ते भाग पाहिजे आहेत. पुढच्या आठवड्यात देतो म्हणून सांगितले आहे.