लिस्बनची एक्सेल शीट आणि वसईचा रिकामा कॉलम

मंडळी, गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. आज रविवार आहे, फोन सायलेंटवर टाकलाय आणि डोक्यात साठलेलं एकदाचं लिहून काढतोय.

झालं असं की परवा ऑफिसातला एक मित्र खुर्ची सरकवत आला. "अरे, तू लिस्बनला होतास ना तीन महिने? बायकोला घेऊन चाललोय. कुठे राहायचं, काय खायचं, काय प्यायचं, काय बघायचं, पटापट सांग." आपण पडलो इंजिनिअर. एक्सेल उघडलं, चार कॉलम केले आणि वीस मिनिटांत शीट भरली. राहायला आल्फामा, म्हणजे चढ-उताराच्या गल्ल्यांचा जुना मोहल्ला. खायला पास्तेल द नाता. बेलेंमधलं ते प्रसिद्ध दुकान १८३७ पासून हेच विकतंय. प्यायला जिंजिन्या, आंबट चेरीची गोडसर दारू. आणि बघायला, काहीही चुकलं तरी कार्मोचा मठ चुकवू नकोस, असं लाल अक्षरांत.

कार्मोचं काय एवढं? १७५५ च्या भूकंपात या चर्चचं छप्पर कोसळलं. नंतर ते पूर्ण बांधलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. तिकीट काढून लोक आत येतात आणि आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. मीही तसाच हळू बोलत होतो.

आता इथे खरी गोची आहे. मी विरारचा. जन्म, शाळा, इंजिनिअरिंग, सगळं विरार फास्टला लटकून. माझ्या घरापासून तासाभरावर वसईचा किल्ला आहे आणि तिथे अशी बिनछपराची चर्चं एक नाही, अर्धा डझन आहेत. तिकीट नाही. आणि मी तिथे आयुष्यात मोजून दोनदा गेलो होतो. एकदा शाळेच्या सहलीला आणि एकदा चुलतभावाच्या प्री-वेडिंग शूटला.

लिस्बनच्या ऑफिसात एक सहकारी होती. मी कुठला, असं तिने विचारलं. मुंबई म्हटलं, मग सवयीने मुंबईच्या उत्तरेला, मग वसईजवळ. "बसाईं?" तिचे डोळे चमकले. शाळेच्या इतिहासात वाचलं होतं म्हणे. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो मित्राने परवा मला विचारला. तिथे किती दिवस लागतात? कुठे राहायचं? काय खायचं?

मी म्हणालो, "दोन तास पुरतात."

हे उत्तर मला अजून टोचतं. आजची ही पोस्ट म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

आधी थोडा इतिहास, कंटाळा न करता वाचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटंही होती. म्हणजे आज आपण विरारहून मुंबईला धावतो, तेव्हा मुंबई ही वसईच्या पदरातली किरकोळ बेटं होती! पुढची दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. तट, दहा बुरूज, एक जमिनीकडचा दरवाजा, एक समुद्राकडचा, आत रस्ते, चौक, हवेल्या, मठ. सुमारे ११० एकर. आपण त्याला 'किल्ला' म्हणतो तिथेच पहिली चूक होते. किल्ला म्हटला की आपण बुरूज चढतो, फोटो काढतो, उतरतो. ते एक पूर्ण शहर होतं, आणि शहर बघायला मुक्काम करावा लागतो.

तर आता तेच चार कॉलम.

बघायचं. सकाळी लवकर जा. वसई रोड स्टेशनबाहेर बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. आधी चिमाजी अप्पांचा पुतळा आणि नागेश्वराचं देऊळ करा. मग बालेकिल्ल्याच्या दारावरचं पोर्तुगीज राजचिन्ह, सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आणि शेवटी समुद्राकडचा दरवाजा. गोन्सालो गार्सियाचं नाव माहीत नसेल तर तेवढं माहीत करून घ्या. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला गेला, तिथली भाषा शिकला, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांसाठी दुभाष्या झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. परदेशी भाषा शिकून ऑनसाइट गेलेला आमच्याकडचा हा बहुधा पहिला माणूस. नागासाकीत त्या सव्वीस जणांचं स्मारक आहे. आमच्यातल्या किती जणांना त्याचं नाव सांगता येईल, शंकाच आहे.

खायचं. पाटी लावलेलं हॉटेल शोधत बसू नका, वसईचं खरं जेवण घराघरांत आहे. ईस्ट इंडियन घरातला बाटली मसाला, सोरपोतेल आणि त्याच्याबरोबर फुगे. इंदाल. कोळीवाड्यातले ताजे बोंबील. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी, जी निर्मळच्या जत्रेत हमखास मिळते. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका गावोगाव आहेत. एखाद्या वसईकर मित्राला फोन करा, आदल्या दिवशी सांगा. आणि जेवताना हेही आठवा की बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले. चावी, बादली, पिंप, घमेलं, लिलावसुद्धा. आणि हो, पगारसुद्धा! महिनाअखेरीस ज्याची वाट बघतो तो शब्द पोर्तुगीज आहे, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली होती.

प्यायचं. पहाटेची निरा. उन्हं चढली की तिची ताडी होते, ती तुमच्या जबाबदारीवर. ईस्ट इंडियन लग्नात कोणी खिमाड, म्हणजे मसाले घालून गरम केलेली दारू, पुढे केली तर नाही म्हणू नका.

राहायचं. इथे शीट रिकामी राहते. अर्नाळा, राजोडी, कळंबला समुद्रकाठी रिसॉर्ट आहेत, पण तिथे लोक स्विमिंग पूल आणि डीजेसाठी जातात. स्टेशनजवळ लॉज आहेत, तिथे पाहुण्याला न्यायला मला लाज वाटेल. जुन्या शहराच्या आसपास संध्याकाळी थांबावं, सकाळी उठून तटावर फेरी मारावी, अशी सोय सहज सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय त्याने? माझं म्हणणं असं आहे की सगळं तिथेच अडलंय. पाहुणा जिथे दोन तासच थांबतो, ती जागा त्याच्यासाठी फक्त बॅकग्राउंड असते. पाहुणा रात्री राहिला तर तो जेवतो, बाजारात जातो, माणसांशी बोलतो आणि त्या गावातल्या चार घरांत चार पैसे येतात. मग ते जुनं शहर तसंच राहावं, असं त्या चार घरांनाही मनापासून वाटायला लागतं. आल्फामात मी हे बघितलंय. अर्थात तिथे हे इतकं झालं की मूळ भाडेकरूंना घरं परवडेनात, तेही बघितलंय. आपण त्या टोकापासून अजून फार लांब आहोत. आपल्याकडे पहिली खोलीच अजून उघडायची आहे.

ती सहकारी नंतर खरंच आली. मी तिला दोन तासांत किल्ला 'दाखवला'. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर जुन्या कबरींचे दगड आहेत, अक्षरं कोरलेले. ती एका दगडाजवळ उकिडवी बसली, बोटाने धूळ बाजूला केली आणि एकेक शब्द लावत वाचायला लागली. अमुक अमुक याची ही कबर, आणि त्याच्या वारसांची. मी गप्प उभा. कारण चुलतभावाच्या शूटच्या वेळी मी रिफ्लेक्टर धरून बहुतेक त्याच दगडांवर उभा होतो. बूट घालून. "थोडा डावीकडे सरक" असं फोटोग्राफर म्हणाला आणि मी सरकलो होतो. खाली काय लिहिलंय हे बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. कार्मोमध्ये हळू आवाजात बोलणारा तो मीच.

आता एक आक्षेप येणार, तो आधीच घेतो. परक्यांचं शहर ते, त्याचं कौतुक कशाला? मान्य, पोर्तुगीज राजवट सोज्वळ नव्हती. देवळं पाडली गेली, धर्मावरून छळ झाला, हे लपवायचं कारण नाही. म्हणूनच मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जबर किंमत मोजून हे ठाणं घेतलं. पण घेतल्यावर काय केलं ते बघा. शरण आलेल्यांना बायकामुलांसह सन्मानाने बाहेर जाऊ दिलं. चर्चच्या घंटा उतरवल्या आणि त्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकची नारोशंकराची घंटा तर सगळ्यांना ठाऊक आहे. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, त्या घंटा अजून जपल्यात. ज्यांनी हे शहर लढून जिंकलं त्यांनी त्यातल्या वस्तूंची किंमत ओळखली, आणि आपण, ज्यांना ते फुकट मिळालं, दगडावर नावं कोरतोय आणि वेफर्सची पाकिटं टाकतोय. विजयाचा अभिमान असेल तर जिंकलेलं सांभाळायलाही हवं ना?

आणि प्रश्न फक्त दगडांचा नाही. तटाबाहेरची वसई अजून जिवंत आहे. पाचूबंदरला बांबूंवर वाळणारे बोंबील, पानमळे, पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी फुलं, आणि वाड्यांना पाणी देणारी बावखलं. ही बावखलं म्हणजे पूर्वजांनी खणलेली तळी. ती बुजवून इमारती उठतायत. जुलै २०१८ मध्ये आम्ही गुडघाभर पाण्यात दिवस काढले तेव्हा पाणी जायला जागा का नाही, हे विचारत होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी आयुष्यभर भांडले. २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२४ ला गेले. २००९ साली महापालिका झाली तेव्हा कित्येक गावांनी 'आम्हाला गावच राहू द्या' म्हणून आंदोलन केलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि आज शाळेला सुट्टी मिळणार का, एवढीच मला काळजी होती. आज मीही त्याच नव्या इमारतींपैकी एकीत राहतो, त्यामुळे उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही. पण आपण या गावात फक्त झोपायला येतो, हे निदान कबूल करू या.

असो. फार लांबलं. मित्राला लिस्बनची शीट पाठवली, आणि खाली दुसरी शीट जोडली, 'वसई, दीड दिवस'. राहायच्या कॉलममध्ये काय लिहावं म्हणून निर्मळच्या एका कॉलेजमित्राला फोन केला. त्याची आई मागून ओरडली, "हॉटेलात कशाला पाठवतोस त्यांना, मागची खोली रिकामीच आहे ना!" तिला म्हटलं, पैसे घ्यावे लागतील. ती हसली. मी म्हटलं, हसू नका, खरंच घ्यावे लागतील. मग ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "बाथरूमचा नळ आधी दुरुस्त करून घेऊ दे."

पुढच्या शनिवारी मी स्वतः तिथे राहायला जातोय. नळ झाला असेल तर.