विटेचा शेक आणि कारखान्याची मळी

थंडीच्या दिवसांत आमच्या दादीअम्मा चुलीच्या वैलावर एक वीट ठेवून देत. रात्री स्वयंपाक आवरला, चूल विझली की तीच वीट जुन्या फडक्यात गुंडाळून गुडघ्यांशी घेत आणि निजत. फजरला उठेपर्यंत फडके कोमट लागे. आग गेल्यावरही तिची ऊब वापरायची, एवढेच त्यामागचे शास्त्र. आज मोठमोठ्या प्रयोगशाळा याच विटेच्या शोधात आहेत.

ग्रॅनडा म्हटले की आपल्याला अलहम्ब्रा आठवतो. त्याच ग्रॅनडा प्रांतात, ग्वादिशजवळच्या माळावर अंदासोल नावाचे सौरऊर्जा केंद्र आहे. आरशांनी गोळा केलेल्या उन्हाची उष्णता तिथे वितळलेल्या क्षारांत साठवतात आणि सूर्य मावळल्यावर सुमारे साडेसात तास त्यावर वीज करतात. एका संचाला क्षार लागतात सुमारे २८,५०० टन! हे क्षार म्हणजे सोडियम व पोटॅशियम नायट्रेट, शेतात खत म्हणूनही जाणारे. ते महाग पडतात, सव्वादोनशे अंशांच्या आसपास नळीतच गोठू लागतात आणि साडेपाचशेच्या बऱ्याच वर नेले तर बिघडतात.

मग दगड का नको? आणि दगडच हवा तर डोंगर कशाला फोडायचा? पोलाद वितळवताना भट्टीत वर मळी तरंगते. तिला स्लॅग म्हणतात. झोतभट्टीतली मळी सिमेंटमध्ये खपते, पण भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीतल्या मळीला तेवढे गिऱ्हाईक नाही. तिचे ढीग साचतात. स्पेनच्या बास्क भागात, व्हिटोरिया येथील संशोधकांनी ही मळी तापवून पाहिली. हजार अंशांपर्यंत ती टिकते. युरोपीय संघाच्या मदतीने २०१५ पासून यावर मोठा प्रकल्पही झाला. रीत सोपी आहे. टाकीत मळीचे खडे भरायचे, त्यांतून गरम हवा सोडायची. खडे तापतात. उष्णता हवी तेव्हा उलट बाजूने थंड हवा सोडली की ती गरम होऊन बाहेर येते.

हिशेब आम्ही घरीच मांडला. एक टन मळी २०० अंशांवरून ७०० अंशांपर्यंत नेली तर तिच्यात सुमारे १२५ युनिट उष्णता मावते. एक टन पाणी ३० वरून ९० अंशांवर नेले तर ७० युनिट. अर्थात ही उष्णता आहे, वीज नव्हे. वीज करायला गेलो तर तिचा बराचसा भाग वाटेत गळतो. म्हणून ज्या कारखान्यांना मुळात उष्णताच हवी, म्हणजे विटा, काच, चिनीमाती यांच्या भट्ट्या, तिथे ही युक्ती आम्हाला अधिक पटते. भट्टीच्या धुराड्यातून फुकट जाणारी धग पकडून तिथेच पुन्हा वापरायची.

पण आम्हाला खरी थांबवणारी गोष्ट फ्रान्सची आहे. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कर्करोग उभा करतात. कामगारांना तर झालाच, पण त्यांचे धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या त्यांच्या बायकांनाही झाला. फ्रान्सने १९९७ पासून त्यावर बंदी घातली. मग इमारतींतून निघालेल्या टनावारी ॲस्बेस्टॉसचे करायचे काय? मोर्सां या गावातल्या कारखान्यात ते प्लाझ्मा मशालीने वितळवतात. तंतू नाहीसे होतात, उरतो काळसर, काचेसारखा निरुपद्रवी दगड. त्याला कोफालिट म्हणतात. आधी तो रस्त्याच्या भरावात जाई. झाविए पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की उष्णता साठवण्यासाठीही तो चांगला आहे.

वितळवण्याला वीज भरपूर लागते, हे लपवून चालणार नाही. त्यामुळे नुसत्या उष्णतेसाठी कुणी हा दगड बनवू नये. पण विष नाहीसे करायचे म्हणून तो बनणारच असेल, तर त्याला भरावात पुरण्यापेक्षा कामाला लावलेला बरा.

आपल्याकडे यालाच सिमेंटचा पत्रा म्हणतात. तो आजही बनतो, विकला जातो. तीन वर्षांपूर्वी आम्ही पडवीचे जुने पत्रे काढले. मजुराने हातोड्याने फोडले, मुलांनी तुकडे उचलले, आम्ही खराट्याने अंगण झाडले आणि तो चुरा गल्लीतल्या खड्ड्यात भरला. नाकाला कुणीच रुमाल बांधला नव्हता. आणि बांधला असता तरी साध्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

तुमच्या घरी पत्रे बदलायचे असतील तर फोडू नका, कापू नका, भोके पाडू नका. आधी पाण्याने नीट भिजवा, अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकेही त्यातच बांधा. मुलांना त्या दिवशी नानीकडे पाठवा. कामावरच्या माणसाला गाळणीचा चांगला मास्क आणून द्या, त्याच्या मजुरीतून कापून न घेता.