चौकट क्रमांक ३१३

रनआउटचा रिप्ले पाहताना कधीकधी तिसरा पंचही अडकतो. एका चौकटीत बेल जागेवर आणि बॅट हवेत. पुढच्या चौकटीत बेल उडालेली आणि बॅटही टेकलेली. आधी काय झालं ते मधल्या फटीत. असं काही पाहिलं की मला झाप्रूडरची फिल्म आठवते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या डीली प्लाझात अब्राहम झाप्रूडर हे कपड्यांचे व्यावसायिक एका सिमेंटच्या चौथऱ्यावर उभे होते. हातात चावी भरून चालणारा, आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा. अध्यक्ष केनेडींची मोटार समोरून गेली, तेवढं त्यांनी टिपलं. साडेसव्वीस सेकंद, ४८६ चौकटी, आवाज नाही.

पुढे केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगानं या मुक्या फिल्मचं घड्याळ केलं. एफबीआयनं तोच कॅमेरा तपासून सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी हा वेग काढला. आयोगानं मारेकरी ठरवलेल्या ओस्वाल्डच्या रायफलमधून दोन गोळ्या झाडण्यात किमान २.३ सेकंद जात होते, म्हणजे ४२ चौकटी. आयोगाच्या मते केनेडींना पहिली गोळी २१० ते २२५ या चौकटींदरम्यान लागली. आणि पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली २४० नंतर ज्या स्थितीत होते, त्यात त्यांना तशी जखम होणं शक्य नव्हतं. दोघांमध्ये फार तर तीस चौकटी. दुसरी गोळी झाडायला वेळच पुरत नाही! मग एकतर दुसरा मारेकरी, नाहीतर दोघांना लागलेली गोळी एकच. साठ वर्षांचा वाद या त्रैराशिकातून निघाला आहे.

पण २१० ते २२५ अशी मोघम मर्यादा का? कारण तेव्हा मोटार रस्त्यावरच्या एका पाटीआड होती. स्टेमन्स महामार्गाकडे जाण्याची दिशा दाखवणारी साधी पाटी. सगळ्यांना जे पाहायचं होतं, ते तिनं झाकलं.

डोक्याला लागलेल्या गोळीबाबत तसं नाही. ३१२ मध्ये डोकं शाबूत, ३१३ मध्ये फुटलेलं. तरी ‘३१३ ला गोळी लागली’ हे म्हणणं ढिलंच. दोन चौकटींत सुमारे ५५ मिलिसेकंदांचं अंतर. तेवढ्यात ती गोळी तीसेक मीटर जाते. शिवाय चौकट पुढे सरकताना कॅमेऱ्याची झडप मिटलेली असते. आघात त्या अवधीत कुठेतरी झाला, एवढंच फिल्म सांगते. मला ते पुरेसं वाटतं. फिल्मकडून त्याहून बारीक उत्तर मागणाऱ्यांचा मात्र मला कंटाळा येतो.

सगळ्यात आवडते ती लुईस अल्वारेझ यांची युक्ती. नोबेल मिळवलेला हा भौतिकशास्त्रज्ञ केनेडींकडे न पाहता मोटारीवर चमकणाऱ्या उन्हाकडे पाहत बसला. काही चौकटींत ते चमकते ठिपके लांबट झाले होते, म्हणजे झाप्रूडर यांचा हात हलला होता. बार ऐकून माणूस दचकतो. तेव्हा आवाज नसलेल्या फिल्ममध्येही आवाजाची खूण सापडू शकते. ३१३ नंतर पाचेक चौकटींनी असा धक्का दिसतो. आवाज कानापर्यंत यायला आणि स्नायू आखडायला तेवढा वेळ हवाच. फक्त, हात बाराशिवायही हलतो. म्हणून ३१३ पाशी पटणारी ही युक्ती आधीच्या गोळ्यांपाशी लंगडी पडते, असं माझं मत.

आणि हे सगळं चौकटींचा क्रम बरोबर असला तर. आयोगाच्या पुराव्यांच्या अठराव्या खंडात ३१४ आणि ३१५ या चौकटींची अदलाबदल झाली होती. त्यामुळे मागे झटका खाणारं डोकं पुढे गेल्यासारखं दिसलं आणि संशयाला आणखी खाद्य मिळालं. ती छपाईतली चूक होती, हे एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांनी १९६५ मध्ये पत्रानं मान्य केलं.