आरोग्यचिंतन : केसांचे घरटे

काही व्याधी वेदनेपेक्षा संकोचानेच अधिक वाढतात. माकडहाडाजवळ, दोन्ही नितंबांमधील खाचेत होणारा ‘पायलोनिडल सायनस’ हा त्यांपैकी एक. पेढीवर वा गल्ल्यावर दिवसभर बसणारा विशी-पंचविशीतील तरुण एका बाजूस कलून बसू लागतो, कपड्यांवर रक्तमिश्रित पुवाचे डाग पडतात. पण जागाच अशी की आईजवळ बोलवत नाही आणि वडिलांना सांगण्याचा धीर होत नाही. मग ‘उष्णतेचे गळू’ किंवा ‘मूळव्याध’ असे समजून महिने लोटले जातात.

वस्तुतः मूळव्याध आणि भगंदर हे गुदमार्गाचे विकार, हा त्वचेचा. लॅटिनमध्ये ‘पायलस’ म्हणजे केस आणि ‘निडस’ म्हणजे घरटे. १८८० साली हॉजेस या अमेरिकी शल्यविशारदाने हे नाव दिले. पूर्वी हा दोष जन्मजात मानला जाई. आज बहुतेक तज्ज्ञांचे मत निराळे आहे. बसण्याचा दाब, घाम व घर्षण यांमुळे गळून पडलेले केस खाचेतील सूक्ष्म छिद्रांत शिरतात, तेथे दाह होतो आणि त्वचेखाली नळीसारखा मार्ग तयार होतो. केशकर्तन करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे केस रुतून असाच विकार होतो, हा या मताचा मोठा आधार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत हा विकार इतका आढळला की, जीपमधील धक्क्यांशी त्याचा संबंध जोडून त्यास ‘जीपचा रोग’ म्हटले गेले.

उपचार अवस्थेनुसार ठरतो. केवळ छिद्र असून त्रास नसेल, तर स्वच्छता राखणे व तेथील केस काढणे बहुधा पुरते. गळू झाले असेल, तर छोटी चीर देऊन पू काढावाच लागतो. नुसत्या प्रतिजैविकांवर विसंबू नये. गळू घरी दाबून फोडणे तर सर्वथा टाळावे.

विकार वारंवार उलटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. रोगट भाग काढून जखम उघडी ठेवल्यास ती भरण्यास अनेक आठवडे, क्वचित महिनेही लागतात. नेमक्या मध्यरेषेवर टाके घातल्यास विकार उलटण्याची शक्यता अधिक. म्हणून कॅरिडाकिस किंवा लिंबर्ग पद्धतीत टाक्यांची रेषा बाजूला नेऊन खाच उथळ केली जाते. दुर्बीण अथवा लेसरच्या पद्धतीत जखम लहान राहते व माणूस लवकर कामावर परततो. मात्र ती प्रत्येकास योग्य असतेच असे नाही. आयुर्वेदातही नाडीव्रणासाठी क्षारसूत्राचा उपचार आहे. तो प्रशिक्षित शल्यवैद्याकडूनच घ्यावा. कोणतीही पद्धत निवडण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : जखम भरण्यास किती दिवस लागतील, आणि विकार उलटण्याची शक्यता किती?

जखम भरल्यावरही ती जागा कोरडी ठेवावी, सुटे केस साचू देऊ नयेत, वजन आटोक्यात ठेवावे आणि दुकानात अधूनमधून उठून चार पावले चालावे. ताप आला, लाली पसरू लागली किंवा रुग्णास मधुमेह असेल, तर एक दिवसही थांबू नये.

‘हंगाम आटोपला की दाखवू’ असे आपल्या घरांत सहज म्हटले जाते. परंतु आज छोट्या चिरेने भागणारे काम पुढे अनेक शाखांचा मार्ग होऊन बसते. म्हणून वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घ्यावा. मुलगा गादीवर सरळ बसत नाही असे दिसले, तर त्याला एकांतात, रागावता न विचारावे. त्या एका प्रश्नाने त्याचे कित्येक महिन्यांचे दुखणे वाचू शकते.